टँकरचे पाणी आणि टी-शर्टावरची शाई

- प्रतिनिधी

१० एप्रिल २०२५ रोजी मुंबईतील पाण्याच्या टँकरचालकांनी पुकारलेला संप चार-पाच दिवसांत मिटला. विहिरी आणि कूपनलिकांच्या मालकांना महापालिकेने बजावलेल्या नोटिसा, केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा आग्रह आणि अखेर टँकर ताब्यात घेण्यासाठी उगारलेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा बडगा, या साऱ्याची चर्चा त्या दिवसांत भरपूर झाली. गृहनिर्माण सोसायट्यांचे हाल, रखडलेली बांधकामे, हवालदिल झालेले हॉटेलचालक यांच्या बातम्याही आल्या. टँकरच्या पाण्याचा आणखी एक ग्राहक मात्र या चर्चेत कोठेच नव्हता. औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत आणि पत्र्याच्या शेडमध्ये टी-शर्ट, पिशव्या, गणवेश, झेंडे छापणारा स्क्रीन प्रिंटिंगचा कारागीर हा तो ग्राहक.

या कारागिराची अडचण इतरांहून वेगळी असते. पाणी किती मिळते यापेक्षा त्या पाण्यात काय विरघळलेले आहे, यावर त्याचा दिवस चांगला की वाईट हे ठरते. गेल्या काही वर्षांत या व्यवसायाने प्लास्टिसोल नावाची तेलकट शाई सोडून जलाधारित शाईकडे वळण्यास सुरुवात केली आहे. कोणी ते पर्यावरणाच्या प्रेमापोटी केले, कोणी ग्राहकाने अट घातली म्हणून. दुसऱ्या वर्गातील मंडळी अधिक, हे सांगण्यास हरकत नसावी. परंतु या नव्या शाईचा स्वभाव लहरी. सकाळी दह्यासारखी घट्ट असलेली पेस्ट दुपारी जाळीत खडखडीत वाळते, आणि त्याच पाककृतीने केलेली पेस्ट पुढल्या आठवड्यात ताकासारखी पातळ होऊन अक्षरांच्या कडा फोडते. दोष शाईच्या डब्यावर ढकलला जातो, कारागिरावर ढकलला जातो. खरा दोषी पुष्कळदा गाळ्याबाहेरच्या निळ्या पिंपात असतो.

सक्ती आली कोठून?

प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि तिला लवचिकपणा देणारे तेलकट द्रव्य यांचे मिश्रण. छापणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यासारखी गुणी शाई नाही. साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णता मिळेपर्यंत ती वाळतच नाही; त्यामुळे रात्रभर जाळीवर तशीच ठेवून सकाळी काम पुढे चालू करता येते. डब्यात उरलेली शाई महिनोन् महिने टिकते. हवामान, पाणी, पंखा यांच्याशी तिला काही देणेघेणे नसते.

अडचण होती ती लवचिकपणा देणाऱ्या द्रव्याची. त्यासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली काही थॅलेट रसायने प्रजननक्षमतेस घातक ठरली. अमेरिकेने २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्यान्वये खेळणी आणि तान्ह्या मुलांच्या निगेच्या वस्तूंत त्यांचे प्रमाण ०.१ टक्क्यावर रोखले. युरोपीय संघाने जुलै २०२० पासून अशा चार थॅलेटवरील निर्बंध बहुतेक सर्व ग्राहकोपयोगी वस्तूंना लागू केले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून अंगावर घालावयाच्या कपड्यांतील घातक रसायनांची स्वतंत्र यादी अमलात आणली. सेंद्रिय कापडासाठी जगभर मान्यता पावलेल्या जीओटीएस प्रमाणपत्रात तर पीव्हीसी असलेल्या प्लास्टिसोलला मुळी प्रवेशच नाही. थॅलेटरहित प्लास्टिसोल बाजारात आली खरी. पण मोठ्या ब्रँडांना पीव्हीसी हा शब्दच नको झाला. त्यांनी निर्यातदारांना कळवले, निर्यातदारांनी तिरुपूरच्या छपाईवाल्यांना, आणि मॅरेथॉनचे वा कंपन्यांचे टी-शर्ट छापणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गाळ्यांपर्यंत ही अट यथावकाश झिरपली.

यातला विरोधाभास असा की, पाण्यावर आधारलेली शाई हे आपल्याकडे मुळीच नवे प्रकरण नाही. गडद कापडावर पांढरा रंग बसवण्यासाठी वापरली जाणारी 'खाडी' आणि ताणल्यावर न तडकणारे 'रबर' या पेस्ट आपले कारागीर कित्येक वर्षे वापरीत आले आहेत, आणि त्या पाण्यातल्याच. त्याआधीच्या पिढीने पिगमेंट छपाई केली ती केरोसिनच्या जोरावर. पाण्यात केरोसीन घुसळून लोण्यासारखा लगदा करायचा आणि त्यात रंग व बाइंडर मिसळायचे, ही ती पद्धत. केरोसीन उडून जाई, रंग कापडावर राही. उडालेले केरोसीन कोणाच्या फुप्फुसात गेले हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. स्वस्त केरोसीन दुर्मिळ होत गेले तशी ही रीत मागे पडली आणि लगद्याची जागा कृत्रिम अ‍ॅक्रिलिक घट्टकाने घेतली. आजच्या तक्रारींचे मूळ या बदलात आहे. केरोसिनच्या लगद्याला पाण्याच्या जातकुळीशी फारसे कर्तव्य नव्हते. अ‍ॅक्रिलिक घट्टकाला ते फार आहे.

कोशिंबिरीतले मीठ

हा घट्टक काम कसे करतो, हे समजून घेतल्याशिवाय शाईच्या लहरीपणाचा उलगडा होत नाही. अ‍ॅक्रिलिकच्या लांबच लांब साखळ्या आम्लधर्मी पाण्यात गुंडाळून बसलेल्या असतात. अमोनियासारखा अल्कली घातला की साखळीवर जागोजागी ऋण विद्युतभार येतो. समान भार एकमेकांना दूर ढकलतात, साखळी उलगडते, फुगते आणि भोवतालचे पाणी अडवून धरते. शंभर भाग पाण्यात एक-दोन भाग घट्टक पुरेसा होतो तो याच कारणाने. साधारणपणे आठ ते नऊ सामू असताना ही पेस्ट उत्तम राहते.

आता या फुगलेल्या जाळ्यात क्षार पडले तर काय होते? काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले की पाणी सुटते, हे स्वयंपाकघरातील प्रत्येकास ठाऊक आहे. इथेही जवळपास तेच घडते. पाण्यातील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे धनभारित कण साखळीवरील ऋणभाराला झाकून टाकतात. एकमेकांना ढकलण्याचे बळ ओसरते, साखळ्या पुन्हा आक्रसतात आणि अडवलेले पाणी मोकळे होते. पेस्ट पाहता पाहता सैल पडते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजेच पाण्याला जड करणारे क्षार, यात अधिक उपद्रवी. दुहेरी भारामुळे ते दोन साखळ्यांना एकत्र बांधूनही टाकतात. मग पेस्ट केवळ पातळ होत नाही, तिच्यात बारीक गुठळ्याही दिसू लागतात.

मुंबईचे भाग्य असे की, वैतरणा, भातसा, तानसा आदी धरणांतून नळाला येणारे पाणी पावसाचे, साठवलेले आणि मृदू असते. याच पाण्यावर कारागिराचा हात बसलेला असतो. घट्टक किती, पाणी किती, हे तो वजनकाट्याशिवाय सांगू शकतो. पण उन्हाळा येतो, धरणे तळ गाठतात, महापालिका कपात जाहीर करते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली होती. मग टँकर येतो. त्यातले पाणी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे. समुद्राला लागून असलेल्या शहरात ते अनेकदा मचूळ. हात तोच, पाककृती तीच, डबा तोच, आणि पेस्ट मात्र पातळ. कारागीर घट्टक वाढवतो. तेवढ्यात पेस्ट जमल्यासारखी वाटते. परंतु कापडावर घट्टकाचा अंशही अधिक राहतो आणि छापलेला भाग हाताला कडक लागतो. ग्राहक म्हणतो, हे तर प्लास्टिसोलसारखेच लागते, मग आम्ही जादा पैसे कशाचे मोजले?

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. भारतीय मानक संस्थेच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक आणि २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा स्वीकारार्ह मानला जातो. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. म्हणजे माणसाच्या पोटाला चालणारे पाणी शाईला चालेलच असे नाही. 'पाणी तर आम्हीही पितो' हा गाळेमालकाचा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

तिरुपूरने पेरले ते

पाण्यातील क्षारांचा हा विषय मुंबईत ऋतुमानाप्रमाणे येतो-जातो. तामिळनाडूतील तिरुपूरमध्ये तो कायमचा मुक्कामाला आलेला आहे, आणि तो आला कसा याची कहाणी उद्बोधक आहे. देशातील विणलेल्या सुती कपड्यांच्या, म्हणजे होजियरीच्या निर्यातीचे हे सर्वांत मोठे केंद्र. सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवायचे तर रंगाच्या हौदात मोठ्या प्रमाणावर मीठ घालावे लागते. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते आणि स्वतः सांडपाण्याबरोबर निघून जाते. वर्षानुवर्षे हे खारट सांडपाणी नोय्यल नदीत गेले. नदीवर शेतीसाठी बांधलेले ओरतुपाळयम धरण अखेर रंगीत, खाऱ्या सांडपाण्याचा हौद बनले. खालच्या भागातील शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शून्य विसर्गाची अट न पाळणारे सारे रंगकाम कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तिरुपूर हादरले. त्यानंतर उलट परासरण आणि बाष्पीभवनाची महागडी यंत्रणा बसवून रंगकाम सावरले. परंतु जमिनीत मुरलेले मीठ न्यायालयाच्या आदेशाने बाहेर येत नाही.

भूजल बिघडल्यामुळेच तिरुपूरला भवानी नदीवरून नळाने पाणी आणावे लागले. खासगी भागीदारीतून उभा राहिलेला देशातील पहिल्या मोठ्या पाणी प्रकल्पांपैकी हा एक. मोठे कारखाने हे पाणी विकत घेतात, शुद्ध करून वापरतात. जॉबवर्क करणारा लहान छपाईवाला मात्र स्वस्तातल्या पाण्याकडे पाहतो, आणि जुन्या पिढीच्या रंगकामाने खारावलेले तेच पाणी त्याच्या पेस्टला सैल पाडते. एका प्रक्रियेचे सांडपाणी दुसऱ्या प्रक्रियेचा कच्चा माल होते ते असे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा तिरुपूरची चर्चा सर्वत्र झाली आणि ती योग्यच होती. मात्र शुल्क वाढते तेव्हा प्रत्येक नगामागची मिळकत आकसते, आणि अशा वेळी शंभरातले चार-पाच नग शाईमुळे वाया जाणे ही किरकोळ बाब राहत नाही, हा मुद्दा त्या चर्चेत फारसा आला नाही.

घट्ट होण्याची चार कारणे, इलाज एकच?

पातळ होण्याचे खापर पाण्यावर फोडता येते. घट्ट होण्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आणि तेथेच सर्वाधिक चुका होतात, कारण कारणे अनेक असली तरी गाळ्यातला इलाज मात्र ठरलेला असतो: मग घ्या, पाणी घाला.

डबा उघडल्यावर पेस्ट थिजल्यासारखी दिसते, हा पहिला प्रकार. या जातीच्या शाया दाबाखाली पातळ होतात आणि विसावल्या की पुन्हा घट्ट होतात. तसे व्हावे यासाठीच त्या बनवलेल्या असतात. स्क्वीजी ओढताना शाई जाळीतून सहज उतरावी आणि कापडावर पडल्यावर जागच्या जागी थांबावी, हे त्यामागचे गमक. रात्रभर विसावलेली पेस्ट सकाळी घट्ट दिसणे हा आजार नव्हेच. चार-पाच मिनिटे नीट घोटली की ती पूर्ववत होते. घोटण्यापूर्वी पाणी घातले, तर ती नंतर स्क्वीजीखाली पाण्यासारखी धावते आणि 'शाई पातळ आली' अशी तक्रार दुकानदाराकडे जाते. सांगावयास चमत्कारिक वाटेल, पण शाई पातळ झाल्याच्या तक्रारींमागेही अनेकदा सकाळी ती घट्ट वाटणे हेच कारण असते.

दुसरा प्रकार जाळीवर बाष्पीभवन होण्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की, बारीक जाळीच्या छिद्रांतील पाणी दोन नगांच्या मधल्या वेळातही उडून जाते. मुंबईची दमट हवा या बाबतीत छपाईवाल्याला सांभाळून घेते. पण मग तीच हवा छापलेला नग वाळू देत नाही, आणि पावसाळ्यात भट्टीतून काढलेला टी-शर्ट वरून कोरडा व आतून ओलसर राहतो. पाणी पूर्णपणे उडाल्याशिवाय बाइंडर तापत नाही आणि तापल्याशिवाय पक्का होत नाही. १५० ते १६० अंशांत दोन-तीन मिनिटे ही कोणत्याही पिगमेंट पेस्टची सर्वसाधारण गरज; प्लास्टिसोलच्या सवयीने पट्टा वेगात सोडणारा कारागीर ती पुरी होऊ देत नाही. पहिल्याच धुण्यात रंग जातो आणि ठपका पुन्हा शाईवर.

जाळी चोक होऊ लागली की गाळ्यातला पंखा बंद करणे, जाळीवर शाईचा जाड थर फिरवून ठेवणे, थोडी थोडी शाई घेणे, ग्लिसरिन किंवा युरियासारखे ओल धरणारे द्रव्य बेताने मिसळणे, असे उपाय आहेत. यातला पहिला उपाय लिहिण्यास सोपा. पत्र्याखाली, शेजारी दीडशे अंशांची भट्टी पेटलेली असताना पंखा बंद करून आठ-दहा तास उभे राहणाऱ्या माणसाला तो सांगून पाहावा. शाईचा खप वाढवण्यासाठी निघालेल्या पत्रकांत या माणसाचा उल्लेख नसतो. शाई 'पर्यावरणपूरक' झाली म्हणून त्याचे पर्यावरण सुधारले, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

तिसरा प्रकार रासायनिक. धुण्यात रंग टिकावा म्हणून पेस्टमध्ये फिक्सर घालतात. तो बाइंडरच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडतो; हे काम त्याने भट्टीत करणे अपेक्षित असते. पण काही फिक्सर भट्टीची वाट पाहत नाहीत. उन्हाळ्यात तर डब्यातच जोडणी सुरू होते आणि काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी पेस्ट रबरासारखी ताणू लागते, तिच्यात दाणे दिसतात. ही शाई घोटून सुटत नाही, पाण्याने सुटत नाही, गाळूनही तिचा उपयोग नाही. ती मेलेली असते. काटकसरीपोटी तिच्यात ताजी शाई मिसळणे म्हणजे नासलेल्या दुधात ताजे दूध ओतण्यापैकी. फिक्सर लागेल तेवढ्याच पेस्टमध्ये आणि लागेल तेव्हाच घालावा, हा यावरील एकमेव मार्ग. परंतु ठेका हजार नगांचा असतो तेव्हा सकाळी एकदाच पिंपभर पेस्ट करून मोकळे होण्याचा मोह आवरत नाही. काही स्वस्त फिक्सरमधून फॉर्मल्डिहाइड सुटते, ही आणखी एक मेख. युरोपात कपड्यातील त्याची मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे थॅलेट टाळण्यासाठी शाई बदलायची आणि रंग टिकवण्याच्या घाईत दुसऱ्या यादीत अडकायचे!

चौथा प्रकार पांढऱ्या रंगाचा, आणि तो खरे तर घट्ट व पातळ दोन्ही. पांढरेपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. हे द्रव्य पाण्याच्या चौपट जड. पेस्ट जराही सैल असली की ते तळाशी बसते. वरची शाई पातळ नि निस्तेज, खालची मातीसारखी. वरून घेऊन छापलेले पहिले शंभर नग आणि खालून घेऊन छापलेले शेवटचे शंभर नग एकाच ठेक्याचे आहेत, हे पटवून देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

दर वेळी 'पाणी घाला' हाच इलाज झाला तर काय होते, याचा हिशेब साधा आहे. किलोभर पेस्टमध्ये १५ टक्के म्हणजे १५० ग्रॅम बाइंडर आहे असे धरू. त्यात २०० ग्रॅम पाणी घातले की बाइंडरचे प्रमाण साडेबारा टक्क्यांवर येते. दुपारी आणखी २०० ग्रॅम घातले तर ते पावणेअकराच्या घरात जाते. रंगाचेही तसेच. सकाळच्या आणि संध्याकाळच्या नगांत छटेचा फरक पडतो तो यामुळे, आणि दोन-चार धुण्यांनंतर छाप विरतो तोही यामुळे. बाष्पीभवनाने गेले तेवढे पाणी परत देणे रास्त आहे. त्यापलीकडचे प्रत्येक थेंबभर पाणी कापडावरच्या पकडीतून वजा होते.

जुन्या पद्धतीने गवार डिंक किंवा सोडियम अल्जिनेट वापरून रिअ‍ॅक्टिव्ह छपाई करणाऱ्यांच्या वाट्याला क्षारांचा त्रास तुलनेने कमी येतो. त्यांचा शत्रू वेगळा. नैसर्गिक डिंक जिवाणूंचे आवडते खाद्य. परिरक्षक न घालता पेस्ट उन्हाळ्यात एक रात्र राहिली की आंबूस वास येतो आणि सकाळी हाताशी येते ती पळी पळी वाहणारी कांजी. शिवाय गवारीचा भाव कोणाच्या हाती? अमेरिकेतील शेल वायूच्या विहिरींसाठी गवार डिंकाची मागणी उसळली आणि २०१२ च्या मार्चमध्ये गवारीचे वायदे बंद करण्याची पाळी आली, हे कापड छापणारे विसरलेले नाहीत.

पंधरा दिवसांचा कागद

आता या साऱ्याची किंमत कोण मोजतो? साखळीच्या वरच्या टोकाला शाई बदलण्याचा निर्णय झाला. खालच्या टोकाला छपाईवाला आहे. बहुतेक वेळा कापड ग्राहकाचे, छपाई याची. छाप बिघडला तर केवळ मजुरी बुडत नाही, कापडाची किंमतही बिलातून कापली जाते. एका टी-शर्टाच्या छपाईची मजुरी आणि त्या टी-शर्टाची किंमत यांतील अंतर लक्षात घेतले म्हणजे वाया गेलेला एक नग किती चांगल्या नगांची कमाई खातो, हे वेगळे सांगायला नको.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ या बाबतीत छपाईवाल्याच्या बाजूने आहे. निदान कागदावर तरी. माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. मालाबद्दल हरकत असेल तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी नोंदवावी लागते. न नोंदवल्यास माल स्वीकारला गेला असे मानले जाते. मेख अशी की, शाईचा दोष पंधरा दिवसांत दिसतोच असे नाही. तो दिसतो धुण्यात, तेही तिसऱ्या-चौथ्या. तोवर टी-शर्ट दुकानात किंवा कोणाच्या तरी कपाटात पोहोचलेला असतो. हरकत दोन महिन्यांनी, तोंडी किंवा मोबाइलवरच्या छायाचित्रासह येते आणि पुढच्या बिलातून रक्कम वळती होते. कायद्याचा दाखला देऊन भांडावे तर पुढचे काम जाते. साहजिकच तक्रार करण्यासाठी उपलब्ध असलेल्या शासकीय सुविधा परिषदांची पायरी चढणारे छपाईवाले विरळाच.

या भांडणात छपाईवाल्याची बाजू लंगडी पडते ती आणखी एका कारणाने. त्याच्याजवळ नोंद नसते. त्या दिवशी पाणी कोणते होते, पेस्टचा सामू किती होता, फिक्सर कधी घातला, भट्टीचा पट्टा किती वेगाने फिरला, यातले काहीच लिहिलेले नसते. विरघळलेले क्षार मोजणारे जे पेनाएवढे यंत्र घरोघरी आरओ बसवणारा माणूस खिशात बाळगतो, ते काही शे रुपयांना मिळते. सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या त्याहून स्वस्त. पेस्ट सैल पडू लागली आणि सामू सातच्या खाली उतरलेला दिसला, तर अमोनिया उडाला असे समजावे आणि थेंबथेंब अल्कली घालून घोटावे. सामू जागच्या जागी असून पेस्ट सैल असेल, तर पाण्याकडे वळावे. डब्यावर घट्टक वाढवण्यापूर्वी एवढी दोन मापे घेतली तरी निम्मे वाद गाळ्यातच मिटतील, असे या व्यवसायाशी ओळख असलेल्या कोणालाही वाटावे. शाईसाठी लागणारे पाणी दिवसाला फार नसते. जाळ्या धुण्यास टँकरचे पाणी आणि पेस्टला मृदू पाणी, अशी दोन पिंपे वेगळी ठेवणे अवघड नाही.

घट्टपणा मोजण्याचे खरे यंत्र मात्र महाग आहे. एकेका गाळ्याने ते घ्यावे अशी अपेक्षा करणे वेडेपणाचे ठरेल. केंद्र आणि राज्य या दोहोंच्या लघुउद्योग समूह विकास योजनांत सामायिक सुविधा केंद्रांची तरतूद आहे. यंत्रमाग, चामडे, फौंड्री अशा उद्योगांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. शहरातल्या वसाहतींत विखुरलेल्या स्क्रीन प्रिंटिंगला आपण 'समूह' आहोत याचीच जाणीव नाही. मृदू पाण्याची एक टाकी, घट्टपणा मोजणारे एक यंत्र, धुण्याची चाचणी घेणारी एक प्रयोगशाळा आणि जाळ्या धुतलेल्या पाण्यासाठी एक गाळण, एवढ्यावर दोन-तीनशे गाळ्यांचे काम भागू शकते.

जाळ्या धुतलेल्या पाण्याचा उल्लेख मुद्दाम केला. जलाधारित शाई पाण्याने धुतली जाते हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. प्लास्टिसोल धुण्यासाठी लागणारी द्रावके टळतात हे खरेच. परंतु धुतलेला रंग, बाइंडरचे सूक्ष्म प्लास्टिककण, परिरक्षक आणि गडद कापडाचा रंग उडवणाऱ्या डिस्चार्ज शाईतील जस्ताचे संयुग हे सारे मोरीतून थेट गटारात जाते. तिरुपूरच्या रंगकाम कारखान्यांनी मीठ सोडले तेव्हाही ते 'फक्त मीठ'च होते. मुंबईतील एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या मागील नाल्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास, जाळ्या धुण्याच्या वेळी डोकावले, तर त्या दिवशी गाळ्यांत कोणत्या रंगाचे काम होते ते न विचारता कळते.